मोशीच्या कागदावरची माझी सही

दुधाची व्हॅन मोशीच्या उतारावर रस्त्याकडेला आडवी पडली होती आणि मी टेप घेऊन तिच्याभोवती फेऱ्या मारत होतो. काय मोजायचं हे मला नीट ठाऊक नव्हतं. पण भोवती पंचवीसएक माणसं जमली होती. टेप बाहेर काढल्यावर सगळे एकदम गप्प झाले होते. आता तो तसाच परत खिशात घालणं बरं दिसलं नसतं. म्हणून मी दार मोजलं, चाक मोजलं, चाकापासून बाभळीपर्यंतचं अंतर मोजलं आणि सगळं वहीत उतरवलं. त्या आकड्यांचा पुढे कुणालाही काडीचा उपयोग झाला नाही.

ही पन्नासच्या दशकातली गोष्ट. पुण्यातल्या एका विमा कंपनीत मी क्लेम इन्स्पेक्टर म्हणून नुकताच चिकटलो होतो. कन्फर्म व्हायला अजून सात महिने होते. क्लेम इन्स्पेक्टरचं काम साधं. अपघात झाला की जागेवर जायचं, लोकांच्या जबान्या घ्यायच्या आणि रिपोर्ट लिहायचा. गाडीची मोडतोड किती झाली ते सर्व्हेअर ठरवायचा. तो खरा जाणकार माणूस. मी फक्त बोलायचं आणि लिहायचं. बोलण्या-लिहिण्यात आपला हात कोण धरणार, अशी माझी त्या वयात ठाम समजूत होती.

व्हॅन चाकणच्या सोपानरावांची. लढाई संपल्यावर मिलिटरीच्या जुन्या गाड्या लिलावात निघाल्या, त्यांतली एक त्यांनी घेतली होती. रोज सकाळी तीसएक घरांचं दूध गोळा करून ते पुण्याच्या एका मोठ्या वसतिगृहात पोचवायचे. त्या दिवशी ते भरलेले कॅन घेऊन मोशीचा उतार उतरत होते. तेवढ्यात खाणीच्या कच्च्या रस्त्यावरून खडीनं भरलेली लॉरी सरळ हमरस्त्यावर आली आणि व्हॅनच्या कुशीत घुसली. पिंपरीला तेव्हा कारखान्यांची बांधकामं चालली होती आणि खडी वाहणाऱ्यांना श्वास घ्यायला फुरसत नव्हती. सोपानरावांचं कोपर तेवढं सोलवटलं. व्हॅनचा मात्र पार चेंदामेंदा झाला.

लॉरीचा मालक आणि ड्रायव्हर एकच, मोशीचा गणपत. मी त्याला विचारलं, "विमा आहे का?"

"हाय की साहेब." त्यानं सीटखालून घडी केलेला कागद काढला.

कागद विम्याचाच होता. फक्त तो लॉरीच्या आधीच्या मालकाच्या नावावर होता आणि त्याची मुदत दोन दिवाळ्यांपूर्वी संपली होती.

"अहो, हा संपलाय."

"पर कागद तर हाय."

रस्त्यावर मोटार आणायची तर निदान थर्ड पार्टी विमा हवाच, असा कायदा तेव्हाही होता. थर्ड पार्टी म्हणजे तुमच्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान केलं तर त्याची भरपाई. गणपतकडे तोही नव्हता. त्याबद्दल पोलिसांनी त्याच्यावर खटला भरला आणि कोर्टात त्याला दंडही झाला. पण दंड सरकारजमा होतो. त्यानं सोपानरावांची व्हॅन उभी राहत नाही.

सोपानरावांचं नशीब एवढंच, की पुण्याच्या एका एजंटानं त्यांच्या गळ्यात कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसी मारली होती. म्हणजे समोरचा विम्याचा असो वा बिनविम्याचा, आपल्या गाडीची दुरुस्ती आपली कंपनी करून देणार. मग कंपनी सोपानरावांच्या जागी उभी राहणार आणि तो खर्च गणपतकडून वसूल करणार. सोपानरावांचा गणपतवर जो हक्क, तोच कंपनीला मिळतो. ही शेवटची गोष्ट मला ट्रेनिंगमध्ये सांगितली होती. त्या दिवशी बहुतेक मी खिडकीतून बाहेर बघत होतो.

व्हॅन ओढून पुण्याच्या गॅरेजमध्ये नेली. कंपनीचं मंजुरीचं पत्र आल्याशिवाय गॅरेजवाला पान्याला हात लावणार नव्हता. वसतिगृहाच्या मॅनेजरनं महिनाअखेरपर्यंत वाट बघतो म्हणून सांगितलं. त्यानंतर दुधाचं काम दुसऱ्याला. तीस घरांचं दूध जाणार कुठे, हा प्रश्न सोपानरावांच्या मानगुटीवर बसला.

चार दिवसांनी मी उरलेल्या जबान्या घ्यायला मोशीला गेलो. एस.टी.तून उतरतो न उतरतो तोच सोपानराव समोर.

"साहेब, लई बरं झालं तुमी आला. आज चावडीत बसायचं ठरलंय. आमचं मिटवायचंय."

"काय मिटवायचंय?"

"गणपतचं नि आमचं. आमची बहीन ह्याच गावात दिलीया, गणपतच्याच भावकीत. अपघाताच्या दिशी आमच्या चाकणच्या पोरांनी गणपतच्या दोन मुस्काडात हानल्या. तवापास्नं तिच्याशी घरात कुनी बोलत न्हाई. पान्याला गेली तर बाया हंडा बाजूला घेत्यात. आसं कसं चालंल?"

चालणार नव्हतंच. चावडीत जाजम अंथरलं होतं. दोन्ही गावांची जाणती माणसं बसली होती. मला लोडाशी बसवलं. मोशीचे पाटील म्हणाले, "पुन्याचं साहेब आलंत, आता पंच त्येच. कागद बी त्येनीच ल्हिवावा. आमच्या अक्षराला कोंबड्या लाजत्यात."

खरं सांगायचं तर मी फुगलो. ऑफिसात मला शिपाईसुद्धा उठून जागा देत नसे. इथे दोन गावं माझ्या तोंडाकडे बघत होती. आधी दोन्ही बाजूंना चार शब्द सुनावले. मग गणपतनं सोपानरावांच्या डोक्याला फेटा बांधला, हातात नारळ दिला आणि चेपलेल्या कॅनच्या बदल्यात दोन नवे कॅन समोर ठेवले. सोपानरावांनी त्याला मिठी मारली. सोपानरावांची बहीण दाराआडून बघत होती, ती पदरात तोंड घालून रडली. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. त्या भरात मी लिहायला घेतलं.

शाळेत असताना निबंधात माझा नंबर कधी चुकला नव्हता. सगळं कौशल्य मी त्या स्टँपपेपरावर ओतलं. 'सदर अपघाताबाबत उभयतांत राजीखुशीने तडजोड झाली असून, याउपर सोपानराव यांचा गणपत यांजवर कोणत्याही प्रकारचा हक्क, दावा वा मागणी उरलेली नाही. आणि अशी मागणी ते आज, उद्या वा केव्हाही, स्वतः, वारसांमार्फत अथवा अन्य कोणामार्फत करणार नाहीत.' मोठ्यानं वाचून दाखवलं. पाटलांनी मान डोलावली. "वा! सुई शिरायला जागा न्हाई ठिवली."

दोघांचे अंगठे झाले. पंच म्हणून मी सही केली. नुसती सही उघडीबोडकी वाटली, म्हणून खाली कंपनीचं पूर्ण नाव लिहिलं, आणि त्याखाली 'तर्फे, क्लेम इन्स्पेक्टर'. बॅगेत रबरी शिक्का होता. तोही मारला. मग पुरणपोळी झाली.

पुण्याला येऊन मी सहा पानी रिपोर्ट लिहिला. तडजोडीच्या कागदाची एक प्रत मागून आणली होती, ती रिपोर्टला स्वतःच्या हातानं टाचली. दोन गावांतला तंटा मिटवला, हे साहेबांना कळायला नको? कन्फर्मेशनच्या वेळी उपयोगी पडलं असतं.

आमचे ब्रँच मॅनेजर करमरकर साहेब. कायद्याची परीक्षा दिलेले, आवाज कधी न चढवणारे. त्यांनी बोलावलं तेव्हा मी टाय सरळ केला.

"पेंडसे, हा कागद कोणी लिहिला?"

"मीच सर." मी विनयानं खाली बघितलं.

"छान मराठी आहे. हे 'अन्य कोणामार्फत' लिहिलंय, हे अन्य कोण?"

"म्हणजे... कोणीही सर. पळवाट राहू नये म्हणून."

"हे अन्य कोण म्हणजे आपण, पेंडसे. आपली कंपनी. सोपानरावांच्या जागी उभी राहून गणपतकडून वसुली करणार ती. तिचाच दरवाजा तुम्ही बंद केलात. नुसता बंद नाही केलात, बाहेरून कुलूप घालून किल्ली नदीत टाकलीत."

मघाशी सरळ केलेला टाय मी सैल केला.

"पॉलिसीच्या मागच्या अटी वाचल्यात का कधी?"

"वरवर सर."

त्यांनी पॉलिसी उलटी करून माझ्यापुढे सरकवली. मुंगीएवढ्या अक्षरात इंग्रजीत लिहिलं होतं, की कंपनीच्या लेखी संमतीशिवाय विमेदारानं कोणाशीही तडजोड करू नये, कबुली देऊ नये, वचन देऊ नये. केल्यास क्लेम नामंजूर होऊ शकतो. साहेब म्हणाले, "फाइल मुंबईला जाणार. हेड ऑफिस काय म्हणेल ते मी आत्ताच सांगू शकतो. पण त्यांनाच म्हणू दे."

हेड ऑफिसनं आठवड्यात तेच म्हटलं. विमेदारानं परस्पर तडजोड करून कंपनीच्या वसुलीचा हक्क बुडवला, सबब क्लेम नामंजूर. पत्र विमेदाराच्या हातात देऊन पोच घ्यावी. पत्र द्यायला कोण जाणार? ज्यानं दिवे लावले तोच.

चाकणला एस.टी.तून उतरून मी मुद्दाम लांबच्या वाटेनं गेलो. सोपानरावांच्या अंगणात तीन चुली पेटल्या होत्या आणि त्यांवर मोठाल्या कढया. वसतिगृहाला दूध जात नव्हतं, म्हणून सगळा खवा आटवणं चाललं होतं. आळीतल्या बायका धुरात डोळे पुशीत उलथणं फिरवत होत्या. खव्याला चाकणच्या बाजारात गिऱ्हाईक किती? दोन घरांनी तर दूध घालणं बंद करून म्हैस विकायला काढली होती. महिना संपायला सहा दिवस राहिले होते.

"या साहेब! मंजुरी आली व्हय?" सोपानराव उठून पुढे आले. फेटा तोच होता, गणपतनं बांधलेला.

मी पत्र दिलं. त्यांनी ते उलटसुलट केलं आणि माझ्यापुढे धरलं. "विंग्रजीत हाय. तुमीच वाचा."

मी वाचायला तोंड उघडलं आणि मिटलं. पुन्हा उघडलं. शेवटी एका दमात सांगून टाकलं. तुम्ही गणपतशी तडजोड केलीत, ती कंपनीला न विचारता केलीत, म्हणून कंपनी व्हॅन दुरुस्त करून देणार नाही.

सोपानराव ओट्यावर बसले. पत्र त्यांच्या हातात तसंच होतं. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मला तिथल्या तिथे जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

बोलल्या त्या त्यांच्या कारभारीण, पारूबाई. कढईशी बसल्या होत्या, तिथूनच त्यांनी विचारलं, "कुनाला न विचारता?"

"कंपनीला."

"मग तुमी कोन हुता?"

"मी... मी इन्स्पेक्टर."

"कुनाचं?"

"कंपनीचा."

"मग कंपनी तितंच बसली हुती की लोडाला टेकून! पोळ्या बी तिनंच खाल्ल्या. कागद तिनं ल्हिवला, शिक्का तिनं मारला. आन आता म्हनती मला इचारलं न्हाई? का तवा तुमी दुसऱ्याच कुनाचं मानूस हुता?"

"आगं, साहेबाशी आसं बोलत्यात व्हय?" सोपानराव म्हणाले.

"आसंच बोलत्यात."

मी त्या बाईकडे बघतच राहिलो. कंपनीच्या लेखी संमतीशिवाय. लेखी संमती. माझ्या हस्ताक्षरात, पूर्ण नाव, हुद्दा आणि शिक्क्यासकट लेखी! मी ते पत्र सोपानरावांच्या हातातून जवळजवळ हिसकावूनच घेतलं. "मला पोच नको. दोन दिवस द्या," असं म्हणून मी स्टँडकडे पळत सुटलो. एस.टी.ला तास होता. तो तास मी उगाचच स्टँडवर येरझारा घालण्यात काढला.

करमरकर साहेबांनी माझं म्हणणं चष्मा पुसत ऐकलं.

"म्हणजे तुमचं म्हणणं, कंपनीनं संमती दिली होती."

"हो सर. मी दिली."

"तुम्हाला अधिकार होता?"

"नव्हता. पण सोपानरावांना ते कसं कळणार? त्यांच्या दृष्टीनं मी म्हणजेच कंपनी. मी शिक्का मारला तर त्यांनी तो खोटा का समजावा?"

साहेबांनी चष्मा चढवला. "याला कायद्यात आधार आहे. कंपनीनं ज्याला आपला माणूस म्हणून पाठवला, त्याच्या बोलण्यावर साध्या माणसानं विश्वास ठेवला, तर नंतर कंपनीला हात झटकता येत नाहीत. हे तुम्हाला कुठं सुचलं?"

"चुलीपाशी सर."

"हं. पण हे हेड ऑफिसला तुम्हाला स्वतःच्या सहीनं लिहून द्यावं लागेल. पंच म्हणून मीच बसलो, कागद मीच लिहिला, अटी मला ठाऊक नव्हत्या, विमेदाराला मी सावध केलं नाही. सगळं. अजून कन्फर्म झाला नाहीत, हे लक्षात आहे ना?"

लक्षात होतं. घरी आई कन्फर्मेशनचे पेढे कुठल्या दुकानातून आणायचे ते ठरवून बसली होती. पण अंगणातल्या त्या तीन चुली काही डोळ्यांपुढून हलत नव्हत्या. आणि हातातलं काम गेलं असतं तर मी कुठेतरी कारकून म्हणून लागलो असतो. सोपानरावांची व्हॅन मात्र गॅरेजच्या मागल्या अंगणात गंजून गेली असती. चूक माझी आणि भोगायची त्यांनी, हे माझ्या घशाखाली उतरेना.

मी लिहिलं. आयुष्यातला माझा सगळ्यात आखूड रिपोर्ट तो. दीड पान. त्यात एकही विशेषण नव्हतं. पुरणपोळीचा उल्लेख करावा की नाही यावर मात्र मी बराच वेळ घालवला. शेवटी 'पंचाचा मान स्वीकारला' एवढंच लिहिलं.

साहेब स्वतः डेक्कन क्वीननं फाइल घेऊन मुंबईला गेले. महिना संपायला दोन दिवस असताना तार आली. क्लेम मंजूर, काम सुरू करावे. मी ती तार घेऊन आधी गॅरेजमध्ये धावलो आणि तिथून वसतिगृहात. मॅनेजरला तार दाखवून आणखी पंधरा दिवसांची मुदत मागितली. तो कुरकुरला, पण मध्यंतरी लावलेल्या दुसऱ्या गवळ्याच्या दुधात पाणी निघालं होतं, त्यामुळे शेवटी हो म्हणाला. पंधराव्या दिवशी व्हॅन चाकणला गेली. म्हैस विकायला काढलेल्या दोन घरांपैकी एकाची म्हैस तोवर गेली होती. ती काही मला परत आणता आली नाही.

कंपनीला गणपतकडून एक छदामही मिळाला नाही. माझ्या कागदात खरोखरच सुई शिरायला जागा नव्हती. कंपनीच्या वकिलानं तो दोनदा वाचला आणि म्हणे विचारलं, "हा माणूस आपल्याकडे आहे की त्यांच्याकडे?"

मला काढलं नाही, ती करमरकर साहेबांची कृपा. कन्फर्मेशन एक वर्ष पुढे गेलं आणि पेढे तितकेच पुढे गेले. शिक्षा म्हणून पॉलिसीच्या सगळ्या अटी सोप्या मराठीत लिहून काढायला लावल्या. त्या कामाला तीन आठवडे लागले. त्यात मला कळलं की आपण पाच महिने लोकांना ज्या गोष्टी ठासून सांगत होतो, त्यांतल्या निम्म्या चुकीच्या होत्या. मुंबईहून सगळ्या ब्रँचेसना सर्क्युलर निघालं. क्लेम इन्स्पेक्टरनं कामावर असताना कुठेही पंच म्हणून बसू नये, आणि शिक्का ऑफिसच्या कपाटात ठेवावा. माझं नाव त्यात नव्हतं. पण नगरपासून कोल्हापूरपर्यंत सगळ्यांना ते ठाऊक होतं.

गंमत पुढेच आहे. चाकण-मोशी भागात माझी भलतीच ख्याती झाली. पुण्यातला एक साहेब आहे, तो गरिबाच्या बाजूनं असा काही कागद लिहितो की त्याच्याच कंपनीला हलता येत नाही! सोपानराव हे दुधाबरोबर गावोगाव वाटत होते. मी दोनदा सांगून बघितलं, की अहो, ती चूक होती. ते डोळा मारून म्हणायचे, "व्हय व्हय, चूकच! आमी कुनाला सांगत न्हाई."

एका सकाळी ऑफिस उघडतंय तोच भोसरीचे दोन गृहस्थ माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. त्यांच्या टेम्पोला बिनविम्याच्या ट्रकनं ठोकलं होतं.

"पेंडसे साहेब तुमीच ना? चला मोशीच्या चावडीत. तसलाच कागद आमाला बी ल्हिवून द्या. पोळ्या सांगितल्यात."

मी मान वर केली. त्यांच्या मागे केबिनच्या दारात करमरकर साहेब उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते शांतपणे माझ्या टेबलापाशी आले आणि त्यांनी हात पुढे केला.

"पेंडसे, पाहुण्यांना खाली नेऊन चहा पाजा. आणि परत येईपर्यंत तुमचं पेन माझ्याकडे देऊन जा."